समोर सहाच जण, तरी रन अडतो कसा? फँजिओ पद्धतीचा बचाव बघायला शिकताना

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्याला बचावाची एक गोष्ट पहिल्या काही आठवड्यांतच खटकते. समोरचा संघ चेंडू घेऊन पळणार हे उघड दिसत असतं, तरी बचावाचे दोन गडी बारा-पंधरा यार्ड मागे निवांत उभे असतात. पुढे मोजून सहा जण. पळणारा चार यार्ड काढतो आणि आपण सोफ्यावरून ओरडतो, "अरे, पुढे या की!" फिलाडेल्फियाजवळ राहायला आल्यावर मी दोन सीझन असाच ओरडत होतो. शेवटी ऑफिसातल्या एकाने, कॉलेजात थोडंफार खेळलेल्या माणसाने, मला जेवणाच्या सुट्टीत पेपर नॅपकिनवर अकरा फुल्या आणि अकरा गोळे काढून दाखवले. हा लेख त्या नॅपकिनची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू द्यायचा, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. दोन शब्दांचा घोळ मात्र आधीच मिटवून टाकू. इथला 'रन' क्रिकेटचा नाही. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या ऐवजी रनिंग बॅकच्या हातात दिला आणि तो पळत सुटला, की तो रन. आणि 'टॅकल' हे आक्रमणाच्या ओळीतल्या एका जागेचंही नाव आहे आणि पाडण्याच्या कृतीचंही. मी जागेला टॅकल म्हणणार आहे, कृतीला सरळ 'पाडणं'.

आधी हे दोघे मागे का उभे आहेत?

जुना उपाय सोपा होता. रन येणार असं वाटलं की माणसं पुढे आणायची. १९८५ च्या शिकागो बेअर्सचा बडी रायन यांनी घडवलेला '४६' बचाव प्रसिद्ध आहे तो याचसाठी: आठ जण पुढे, मागे जेमतेम एक, आणि समोरच्याच्या छातीवर पाय. रन तर मेलाच, पण फेकणाऱ्यालाही श्वास घ्यायला वेळ नाही.

मग नियम पास फेकणाऱ्यांच्या बाजूने झुकत गेले, आणि फेकणारेही बदलले. २०१८ मध्ये कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सने पूर्णवेळ खेळण्याच्या पहिल्याच सीझनमध्ये ५० टचडाउन पास फेकले. असा माणूस समोर असताना मागे एकच सेफ्टी (खोल उभा राहणारा राखणदार) ठेवायचा म्हणजे घराला कडी न लावता गावाला जायचं. त्यामुळे दोन सेफ्टी खोल ठेवून खेळणाऱ्या बचावांची चलती झाली. त्यातलं सगळ्यात जास्त नक्कल झालेलं घराणं व्हिक फँजिओ या बचावाच्या प्रशिक्षकांचं. 'नवी पद्धत' म्हणतात खरं, पण हे गृहस्थ १९५८ चे, पेनसिल्व्हेनियातल्या डनमोरचे, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९८६ पासून. नवं आहे ते सगळ्यांनी त्यांचं ऐकायला लागणं.

सौदा असा आहे. रनमागे सरासरी साडेचार यार्डांच्या आत-बाहेर मिळतात. एक फसलेला खोल पास पन्नास यार्ड देऊन जातो. तेव्हा चार यार्ड द्यायचे, पण पन्नास द्यायचे नाहीत. चार-चार यार्डांनी मैदान ओलांडायचं तर समोरच्याला पंधरा-वीस वेळा न चुकता खेळावं लागतं. मध्ये एक पेनल्टी, एक निसटलेला चेंडू, एक मागे पाडलेला रन, आणि गाडी घसरली. पण सौदा चाराचाच राहिला पाहिजे. रोज सात द्यायला लागलात तर दुकान बंद. म्हणून सहा जणांत रन चारावर कसा रोखायचा, हा या पद्धतीचा खरा प्रश्न.

पायरी पहिली: फटी मोजा

चेंडू सुटायच्या आधी चेंडूकडे बघू नका. आक्रमणाच्या ओळीकडे बघा. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. पाच माणसं. या पाचांमुळे सहा फटी तयार होतात: सेंटर आणि गार्डमधली ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी, आणि हेच दुसऱ्या बाजूला. एका बाजूला टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा गडी) येऊन चिकटला की आणखी एक, डी. म्हणजे सात.

आट्यापाट्या खेळलेल्यांना ही कल्पना नवी नाही. प्रत्येकाला आपली पाटी. पलीकडे कितीही गंमत चालली असली तरी आपली सोडून धावायचं नाही. इथेही प्रत्येक बचावपटूला एक फट नेमून दिलेली असते. टीव्हीवर ज्या रनमध्ये पळणारा साठ यार्ड मोकळाच सुटतो, त्यात बहुतेक वेळा कुणीतरी आपली पाटी सोडून शेजारच्याला मदत करायला गेलेला सापडेल.

पायरी दुसरी: माणसं मोजा

आता बचावाकडे. दोन टॅकलांच्या थोडं बाहेरपर्यंत आणि ओळीपासून सहा-सात यार्ड मागेपर्यंत एक चौकोन मनात आखा. त्याला बॉक्स म्हणतात. आत किती जण आहेत ते मोजा. आठ असतील तर भरलेला बॉक्स, सात असतील तर बरा, सहा असतील तर हलका. समालोचक 'लाइट बॉक्स' म्हणतात तो हाच.

फटी सात, माणसं सहा. एक फट उघडी. इथे सगळे नवखे अडकतात, मीही अडकलो होतो. पण नॅपकिनवरचं पुढचं गणित बघा. आक्रमणाचे अकरा. त्यातला क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा झाला, रनिंग बॅक चेंडू घेऊन पळतोय. दोघेही कुणाला अडवत नाहीत. उरले नऊ. या नऊंपैकी तीन जण कडेला उभे असलेले रिसिव्हर (पास झेलणारे), ते आपल्यासमोरच्या तिघांना गुंतवणार. ओळीतले पाच आणि टाइट एंड मिळून सहा, ते बॉक्समधल्या सहांना गुंतवणार. बचावाचे अकरा. अकरातून नऊ गेले, दोन उरले.

तेच ते मागचे दोघे. त्यांना अडवायला समोरच्याकडे माणूसच नाही! म्हणजे बचावाकडे माणसं कमी नाहीत, उलट दोन जास्त आहेत. अडचण एवढीच की ती बारा यार्डांवर आहेत. चपळ माणसाला उभ्याने सुटून दहा यार्ड जायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि त्याआधी हा रन आहे की पासची हुलकावणी हे ओळखण्यात थोडा वेळ जातो. तेवढ्यात पळणारा ओळ ओलांडून पुढे आलेला असतो.

तेव्हा कमी पडतो तो अर्धा-पाऊण सेकंद. या पद्धतीतली प्रत्येक युक्ती कुठून तरी हा अर्धा सेकंद चोरण्यासाठी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या पायऱ्या आपोआप उलगडतात.

पायरी तिसरी: मधले तिघे कुठे उभे आहेत?

बचावाच्या लाईनमनची, म्हणजे ओळीवर खेटून उभ्या बचावपटूची, जागा आकड्यांत सांगतात. सेंटरच्या नाकासमोर उभा तो शून्य. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन. टॅकलच्या आतल्या खांद्यावर चार-आय, बाहेरच्या खांद्यावर पाच. हे पाठ करू नका. फक्त एक रचना ओळखायला शिका. एक शून्यावर आणि दोन्हीकडे एकेक चार-आयवर. कॉलेज फुटबॉलमध्ये याला 'टाइट' फ्रंट म्हणतात. आयोवा स्टेट विद्यापीठाने २०१७ मध्ये या तिघांमागे तीन सेफ्टी लावले आणि ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या क्रमांकावरच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच घरी ३८-३१ असं हरवलं. त्यानंतर ही रचना देशभर पसरली.

तिचा उपयोग काय? दोन्ही बी फटी अंगानेच बुजतात आणि मधल्या दोन ए फटींवर शून्यवाला बसतो. मध्यातून सरळ घुसायची वाट बंद. पळणाऱ्याला बाहेर वळावं लागतं. मैदान ५३ यार्ड रुंद. आडवं पळणं म्हणजे वेळ घालवणं. झाली चोरी.

एनएफएलमध्ये फँजिओंच्या शिष्यांची आवडती रचना 'पेनी' म्हणून ओळखली जाते. मधले तीन लाईनमन, दोन कडांवर दोन एज, म्हणजे ओळीवर पाच. त्यांच्यामागे एकच लाईनबॅकर. आणि पाच डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मुख्यतः पास अडवणारे. बॉक्समध्ये सहाच, पण ओळीवर पाच जण खेटून उभे असल्यामुळे आक्रमणाच्या पाचांपैकी प्रत्येकासमोर एकेक माणूस येतो. दोघांनी मिळून एकाला ढकलायचं, या त्यांच्या सगळ्यात लाडक्या उद्योगाला मग मोकळीक उरत नाही.

पायरी चौथी: दीड फट

ही पायरी सावकाश वाचा, आणि बघतानाही सावकाश बघा. या बचावातली सगळ्यात देखणी गोष्ट इथे आहे आणि ती कॅमेऱ्याच्या मध्यभागी असूनही कुणाला दिसत नाही.

लाईनमनला शिकवायच्या जुन्या दोन तऱ्हा. एक, 'एक फट': चेंडू सुटला की आपल्या फटीतून बाणासारखं आत घुसायचं. जमलं तर पळणारा मागेच पडतो. नाही जमलं तर तुम्ही ओळीच्या पलीकडे पोचलेले असता आणि तुमच्या पाठीमागे दार सताड उघडं. दोन, 'दोन फटी': समोरच्या माणसाला छातीवर धरायचं, जागेवरच थोपवायचं, आणि पळणारा डावीकडे जातो की उजवीकडे हे बघून त्याला फेकून तिकडे जायचं. त्यासाठी डोंगरासारखी माणसं लागतात आणि पास आला तर ती डोंगरासारखीच जागेवर राहतात.

फँजिओ घराण्याची तऱ्हा या दोहोंच्या मध्ये: दीड फट. एक फट पूर्ण आपली, ती अंगाने बुजवायची. शेजारची अर्धी, ती हाताने आणि नजरेने राखायची. शून्यावरच्या माणसाचं उदाहरण घ्या. रन उजवीकडे निघाला. तो पहिलं पाऊल उजव्या ए फटीत टाकतो, पण आत घुसत नाही. दोन्ही हात सेंटरच्या छातीवर, कोपर ताठ, आणि मान वर. सेंटरला तो असा धरून ठेवतो की सेंटरचंच अंग डाव्या ए फटीत आडवं येतं. पळणारा उजवीकडे गेला तर हा तिथे आहेच. डावीकडे वळला तर हा सेंटरला सोडून मागे पडतो आणि हाताच्या टप्प्यात असलेल्याला पकडतो.

विरार लोकलच्या दारात उभा असलेला पट्टीचा माणूस आठवा. अर्ध्या दारात तो स्वतः, दांड्यावर ताणलेला हात उरलेल्या अर्ध्यात. दार बंद नसतं, पण आत शिरायचं तर त्याला विचारावं लागतं. आणि विचारण्यात अर्धा सेकंद जातोच.

याचा दुसरा फायदा मागच्या लाईनबॅकरला होतो. आक्रमणाची नेहमीची चाल अशी, की गार्ड आणि सेंटर दोघे मिळून लाईनमनला एक धक्का देतात आणि मग त्यातला एक सुटून पुढे लाईनबॅकरवर चढतो. लाईनमनने जर दोघांनाही हाताशी धरून ठेवलं तर वर चढायला कुणी सुटत नाही, आणि लाईनबॅकर अंगाला धूळ न लागता पळणाऱ्यापर्यंत पोचतो. दुसऱ्या दिवशी आकडेवारीत पाडण्याचं श्रेय लाईनबॅकरच्या नावावर. दीड फट राखणाऱ्याच्या नावावर शून्य. घरच्या कार्यात स्वयंपाकघरात राबणारीचं नाव आहेराच्या वहीत नसतं, तसंच.

बघायचं कसं? रिप्ले दाखवतील तेव्हा एकाच लाईनमनवर नजर ठेवा आणि तीन गोष्टी तपासा. त्याचे हात समोरच्याच्या छातीवर आहेत की खांद्याबाहेर? तो ओळीवरच आहे की दोन यार्ड मागे ढकलला गेलाय? त्याची मान वर आहे की खाली? हात आत, पाय ओळीवर, मान वर: पळणारा चाराच्या पुढे सहसा जात नाही.

पायरी पाचवी: मागचे दोघे खाली कधी येतात?

सेफ्टीला बघण्यासाठी टीव्हीचा कोन वाईट आहे, तो चौकटीच्या बाहेरच असतो. एनएफएल प्लसच्या प्रीमियम वर्गणीत सगळे बावीस खेळाडू दिसणारी फिल्म मिळते. अमेरिकेत असाल आणि छंद जडलाच तर एक महिना घेऊन बघा.

दोन सेफ्टींच्या या रचनेत मागचा भाग पुष्कळदा चार वाट्यांत विभागलेला असतो, म्हणून त्याला 'क्वार्टर्स' म्हणतात. सेफ्टीची नजर चेंडूवर नसते. टाइट एंडवर किंवा आतल्या बाजूच्या रिसिव्हरवर असते. तो कुणाला अडवायला लागला तर रन, खाली ये. तो पुढे पळायला लागला तर पास, त्याच्याबरोबर राहा. दार उघडायला आधी कोण हललं ते बघून पाहुणा कोण ते ओळखायचं, असा प्रकार.

यात एक गंमत आहे. एकाच सेफ्टीच्या रचनेत दुसरा आधीपासून पुढे येऊन उभा असतो, त्यामुळे चेंडू दिल्याचं नाटक करून पास फेकला की तो फसतो आणि त्याच्या मागे मोकळं रान. इथे सेफ्टी मुळातच उशिरा येतो. नाटक संपेपर्यंत तो मागेच आहे. म्हणजे रनला तो जरा जास्त देतो, पण त्याला फसवणं अवघड जातं. चांगला सेफ्टी पळणाऱ्याच्या अंगावर सरळ धावूनही येत नाही. तो त्याच्या एका बाजूने, त्याला आतल्या गर्दीकडे ढकलत येतो. चौथ्या-पाचव्या यार्डावर पाडायचं. तिसऱ्यावर पाडायला जाऊन हुकलात तर पाठीमागे कुणीही नाही.

पायरी सहावी: कडा

मधून वाट नाही म्हटल्यावर आक्रमण बाहेरून जाणार. त्यांचं आवडतं शस्त्र म्हणजे आउटसाइड झोन: ओळीतले सगळे एकदम एकाच दिशेने आडवे पळतात, पळणारा त्यांच्या मागून समांतर पळत फट शोधतो, आणि दिसली की पाय रोवून आत वळतो. २०१८ मध्ये शॉन मॅकव्हे यांच्या लॉस एंजेलिस रॅम्सने यावर आणि त्यातूनच निघणाऱ्या पासच्या नाटकावर अख्खी लीग नाचवली होती.

९ डिसेंबर २०१८, शिकागो, थंडीची रात्र. फँजिओ तेव्हा बेअर्सच्या बचावाचे सूत्रधार. त्यांनी ओळीवर सहा जण पसरून उभे केले, त्यांच्यामागे एकच लाईनबॅकर, आणि मागे तेच क्वार्टर्स. दोन्ही कडांवर आधीच माणूस असल्यामुळे बाहेर जायला जागा नाही, आणि आत वळावं तर अकीम हिक्स आणि एडी गोल्डमन. रॅम्सचा टॉड गर्ली ११ वेळा पळून २८ यार्ड काढू शकला. जॅरेड गॉफचे चार पास बेअर्सच्या हातात गेले. निकाल १५-६. दोन महिन्यांनी, ३ फेब्रुवारी २०१९ ला, पेट्रियट्सच्या बिल बेलिचिक यांनी सुपर बोलमध्ये हीच कल्पना वापरली आणि रॅम्सला तीन गुणांवर थोपवलं.

पुढे मॅकव्हे यांनी काय करावं? २०२० मध्ये त्यांनी फँजिओंच्याच हाताखाली शिकलेल्या ब्रँडन स्टेली यांना आपल्या बचावाचं काम दिलं. ज्याच्याकडून मार खाल्ला त्याच्या शाळेतला मास्तर घरी ठेवला. त्या वर्षी रॅम्सने लीगमध्ये सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड दिले. पण त्या ओळीच्या मध्यभागी ॲरन डोनाल्ड होता. हे वाक्य लक्षात ठेवा, लगेच कामाला येईल.

पायरी सातवी: फसतं तेव्हा कसं दिसतं

त्या एका सीझनच्या जोरावर स्टेली चार्जर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पद्धत तीच नेली, पण डोनाल्ड नेता आला नाही. २०२१ मध्ये चार्जर्स रनमध्ये यार्ड देण्याच्या बाबतीत ३२ संघांत तळाच्या तिघांत होते.

त्या सीझनचा शेवटचा सामना, ९ जानेवारी २०२२, लास वेगास. चार्जर्स आणि रेडर्स, ३२-३२, जादा वेळ. बरोबरी झाली असती तरी दोन्ही संघ प्लेऑफमध्ये गेले असते. रेडर्सचा तिसरा प्रयत्न, चार यार्ड हवेत, घड्याळ चालू. ३८ सेकंद असताना स्टेली यांनी टाइमआउट घेतला. कारण त्यांनीच नंतर सांगितलं: रन येणार असं दिसत होतं, म्हणून रन अडवणारी माणसं मैदानात आणायची होती. ती आली. पुढच्याच प्लेला जॉश जेकब्स मधून दहा यार्ड पळाला. त्यामुळे जवळ आलेल्या गोलवर ४७ यार्डांवरून किक बसली, ३५-३२, आणि चार्जर्स घरी. लोक अजून त्या टाइमआउटवर भांडतात. मला त्यात दोष दिसत नाही. माणसं बदलली, तरी मधल्यांना दीड फट राखणं जमत नव्हतं, एवढंच.

तेव्हा ही पद्धत फसत असल्याची खूण सेफ्टीत शोधू नका. मधले लाईनमन दोन यार्ड मागे ढकलले जातायत का, लाईनबॅकरच्या अंगावर गार्ड पोचतोय का, ते बघा. मध्य हलला की हलका बॉक्स म्हणजे नुसता रिकामा बॉक्स.

आणखी एक खूण: क्वार्टरबॅक स्वतः पळायला लागला की मघाचं गणित बिघडतं. लमार जॅक्सनसारखा माणूस चेंडू स्वतःकडेच ठेवतो, मग रनिंग बॅक अडवायला मोकळा. नऊचे दहा झाले, मागे दोन मोकळे होते तिथे एकच उरला. टाइट एंड दोन-तीन आणून उभे केले तर फटी आठ-नऊ होतात. मग कुठलाही शहाणा बचाव हलका राहत नाही, राहिला तर हट्ट.

पायरी आठवी: हे सगळं एकत्र कुठे बघायचं?

२०२४ चे फिलाडेल्फिया ईगल्स. घरचा संघ म्हणून पक्षपात आहेच, पण उदाहरणही याहून चांगलं मिळणार नाही. फँजिओ त्या वर्षी तिथे आले. सुरुवात यथातथाच, २९ सप्टेंबरला टँपाने ३३-१६ असं धुतलं, तेव्हा आमच्याकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर फँजिओंना निवृत्त करायचा ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. मग एक आठवड्याची सुट्टी आली, आणि तिच्यानंतर नियमित सीझनमधल्या १३ पैकी १२ सामने जिंकले. सीझनअखेर सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव हाच.

मध्यात जेलन कार्टर आणि दीडशे किलोंचा जॉर्डन डेव्हिस. दीड फट म्हणजे काय ते यांच्याकडे बघून शिकावं. मागे झॅक बॉन. न्यू ऑर्लिन्समध्ये तो कडेवरचा खेळाडू होता; इथे त्याला आतला लाईनबॅकर केलं आणि त्याच वर्षी तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात गेला. तो हुशार आहेच, पण पुढच्या दोघांनी त्याच्यावर गार्ड चढू दिले नाहीत हेही तितकंच खरं. विरोधाभास बघा: त्याच संघाचा सेक्वॉन बार्कली त्या सीझनमध्ये २००५ यार्ड पळाला. स्वतः रनवर पोट भरणारा संघ समोरच्याचा रन मात्र स्वस्तातला माल समजून खेळत होता.

९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवताना ईगल्सने एकदाही ब्लिट्झ (फेकणाऱ्यावर चारांहून जास्त जण सोडणं) पाठवला नाही. पुढच्या चौघांनीच महोम्सला सहा वेळा पाडलं, मागे सात जण शाबूत. भारतात तेव्हा सोमवारची पहाट होती, पुण्यातला माझा मावसभाऊ ऑफिसला जाण्याआधी बघत होता आणि विचारत होता, "अरे, हे पुढे का येत नाहीत?"

त्याला मी सुपर बोल नको, १ डिसेंबर २०२४ चा बाल्टिमोरमधला सामना बघ म्हणून सांगितलं. ईगल्स २४, रेव्हन्स १९. समोर लमार जॅक्सन आणि डेरिक हेन्री, म्हणजे हलक्या बॉक्सला सगळ्यात त्रासदायक जोडी. त्यात एका प्लेला हेन्री बाहेर वळतो आणि त्याच्या वाटेत उरतो कूपर डिजीन. हा निकल, म्हणजे पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, मुळात पास अडवायला आणलेला नवखा. वजन साधारण ९२ किलो. हेन्री ११२ किलोंच्या आसपास. डिजीनने त्याला छातीवर घेतलं आणि मागच्या मागे उताणा केला.

सगळे त्या धडकेचा रिप्ले बघतात. तुम्ही एकदा डिजीनला विसरून बघा. चेंडू सुटल्यापासून धडकेपर्यंत आतले लाईनमन काय करतायत, हेन्रीला आत वळायला वाट का सापडली नाही, बॉन कुठून येतोय, सेफ्टी कुठे पोचलाय. प्ले चार वेळा लावा, प्रत्येक वेळी एकाच माणसावर नजर. मग तुमच्या आवडत्या संघाचा एखादा सामना घ्या आणि पहिल्या दहा रनपुरता कागदावर हिशेब मांडा: बॉक्समध्ये किती, मधला लाईनमन मागे ढकलला गेला का, पाडलं कुणी, कितव्या यार्डावर. पाडणाऱ्यांत निकल आणि सेफ्टींची नावं येत असतील आणि यार्डांच्या रकान्यात तीन, चार, पाच असे आकडे असतील, तर तुमचा संघ हाच सौदा खेळतोय. नऊ आणि अकरा दिसायला लागले, तर सोफ्यावरून ओरडायला हरकत नाही. फक्त मागच्या दोघांवर नाही, मधल्या तिघांवर.